‘उष्णता गेली कुठं?’ विचारणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

पीएचडीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला हे सांगायला फोन केला, तेव्हा तुम्ही “बेस्ट झालं पोरी, घे काकूशी बोल” एवढं म्हणून फोन काकूंच्या हातात दिला. फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे दहा सेकंदांचा मामला, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमचा उल्लेख जिथे सगळ्यांसमोर यायला हवा होता तिथे मी तो येऊ दिला नाही. त्याचं पुढे सांगते. “नाव-गाव काही टाकू नको” ही तुमची अट मात्र पाळली आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी नागपूरला काकांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. नागपुरात वरचा मजला म्हणजे काय, हे नागपूरकराला समजावायला नको. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात-आठ वाजता, बाहेर जरा वारा सुटला की, आतल्या बाजूने ओकायला लागतो. (हा उशीरही उष्णतेच्या समीकरणातूनच येतो. पण तो स्लॅबखाली बसून सोडवण्यात काही मजा नाही.) कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवणाऱ्या बाईला पीएचडीसाठी सलग वेळ मिळतो तो मे महिन्यातच. त्यामुळे तीन उन्हाळे मी खाली, काकांच्या हॉलमध्ये, कुलरसमोर बसून काढले. भाड्यात हे धरलेलं नव्हतं.

काका, तुमचा तो कुलरचा कारभार! अकरा वाजता पाइप लावून टाकी भरायची, वाळ्याच्या ताट्या हाताने चाचपून कुठे कोरडं राहिलं का बघायचं, आणि मग समोरच्या भिंतीची खिडकी बरोबर चार बोटं उघडी ठेवायची. मी पहिल्या वर्षी ती खिडकी बंद केली होती, थंड हवा बाहेर जाते म्हणून. तुम्ही काही न बोलता उठून परत उघडलीत आणि म्हणालात, “आत आलेल्या हवेले बाहेर जायले वाट पाहिजे. नाही तर नुसता दमटपणा होते.” तेव्हा मला ती एका रिटायर्ड माणसाची सवय वाटली. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस आत काय जातं आणि बाहेर काय येतं याचा हिशेब डोक्यात ठेवूनच जगतो, हे कळायला मला तिसरा उन्हाळा उजाडावा लागला.

माझा विषय तुम्ही पहिल्याच आठवड्यात विचारला होता. विदर्भात गणितात पीएचडी करायची म्हटली की दोन वाटा फार मळलेल्या आहेत: एक सापेक्षतावादातली विश्वाची प्रारूपं आणि दुसरी थर्मोइलॅस्टिसिटी, म्हणजे तापलेल्या वस्तूत निर्माण होणारे ताण. मी दुसरी धरली. चकत्या, नळकांडी, पट्ट्या तापवायच्या, अर्थात कागदावर. तुम्ही म्हणालात, “म्हणजे आमच्याच खात्याचं काम.” मी मनातल्या मनात हसले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणात पोकळ चकतीसाठी मार्ची-झ्ग्राब्लिच रूपांतर, म्हणजे उष्णतेचं समीकरण सोपं करून सोडवायची एक पद्धत, वापरलं आहे, असं सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, “मिरची? भिवापुरी का?” आणि तेव्हापासून घरात माझ्या थिसिसचं नाव मिरचीच पडलं. “मिरची किती झाली?” असं काकू जिन्यातून विचारायच्या.

आता त्या दुपारबद्दल.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते तापलेले नऊ दिवस, लागला होता. पुढच्या आठवड्यात माझा प्री-सबमिशन सेमिनार, म्हणजे थिसिस देण्याआधी करायचं सादरीकरण. मी 2016 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांखाली नोंदणी केलेली, तेव्हा सबमिशनच्या आधी एक शोधनिबंध छापून आणणं आणि परिषदांत दोन सादरीकरणं करणं सक्तीचं होतं. ते सगळं पार पडलं होतं. छापून आलेला निबंध चौथ्या प्रकरणावरचाच, म्हणून त्या प्रकरणाबद्दल मी अगदी निर्धास्त होते. तालीम म्हणून तुम्हाला सोफ्यावर बसवलं, लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि सुरू केलं. पातळ, भरीव, गोल चकती. तव्यासारखी. सुरुवातीला मध्यभागी तापवलेली. वरून, खालून आणि कडेने उष्णतारोधक. काळ पुढे सरकतो तसं तापमान कसं बदलतं याचा आलेख: मधला उंचवटा हळूहळू बसत जातो, आणि शेवटी सगळं सपाट, शून्यावर.

तुम्ही चष्मा वर करून पडद्याकडे बघितलंत.

“हे पाय पोरी, तुझं ते बेसेल-फिसेल मले समजत नाही. पण तू म्हणते का चारही बाजूनं लॅगिंग केलं आहे.”

“हो काका, पूर्ण इन्सुलेटेड.”

“मग चकती थंडी काहून होऊन राहिली? उष्णता गेली कुठं?”

मी काय उत्तर दिलं ते तुम्ही विसरला असाल तर बरं. मी म्हणाले, “काका, हे गणित आहे, प्रत्यक्षात तसंच असेल असं नाही.” वर हेही सांगितलं की निबंध तपासून छापला गेलाय. तुम्ही “असंन बाप्पा” म्हणालात आणि टाकीत पाणी किती उरलं ते बघायला उठलात. वाद घातला असतात तर कदाचित मीही हट्टाला पेटले असते. तुम्ही गेलात आणि प्रश्न तिथेच सोफ्यावर राहिला.

रात्री झोप लागेना. साडेबाराला उठून कागद घेतला. चकतीच्या कडेतून उष्णता बाहेर जात नाही, ही अट घातली की तापमान बेसेलच्या J0 या फलांच्या (गोल वस्तूंच्या गणितात येणाऱ्या, लाटांसारख्या वर-खाली होणाऱ्या वक्रांच्या) मालिकेत मांडता येतं, आणि कोणकोणती J0 घ्यायची ते J1 या दुसऱ्या बेसेल फलाची मुळं, म्हणजे ते जिथे शून्य होतं त्या किमती, ठरवतात. चकतीची त्रिज्या 1 धरली तर माझ्या तक्त्यात ती मुळं होती 3.8317, 7.0156, 10.1735 आणि पुढची. या प्रत्येक पदाचं चकतीभर संकलन केलं, म्हणजे त्या पदात एकूण उष्णता किती ते मोजलं, तर उत्तर येतं शून्य. प्रत्येकाचं. मधे जेवढी गरम, कडेकडे हिशेबात तेवढीच गार. अशी पन्नास पदं घ्या नाही तर पाचशे, त्यांची बेरीज करून एक कॅलरीसुद्धा धरून ठेवता येत नाही. मी चकतीत उष्णता भरली होती आणि ती साठवायला एकही भांडं ठेवलं नव्हतं.

भांडं होतं. J1 चं सगळ्यात पहिलं मूळ 3.8317 नाहीच. ते आहे शून्य. शून्याला J0 ची किंमत 1, म्हणजे मालिकेत एक साधं स्थिर पद हवं: सुरुवातीच्या तापमानाची सरासरी. बाकीची पदं काळाबरोबर विरून जातात आणि हे एकटं मागे उरतं. लॅगिंग केलेली चकती थंड होत नाही, सगळीकडे सारखी गरम होते. संदर्भग्रंथातल्या तक्त्याखाली बारीक अक्षरात हे लिहिलेलंसुद्धा होतं. त्या पानावर माझीच पेन्सिलची खूण सापडली, फक्त दोन ओळी वर.

सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? मूळ शोधणारा प्रोग्राम मी मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये स्वतः लिहिला होता आणि तो सारखा शून्यच आणून देत होता. वैतागून मी शोध 0.1 पासून सुरू करायला लावला. तो बिचारा खरं सांगत होता, मी त्याचं तोंड बंद केलं. झीरो माइलच्या दगडाच्या गावात राहून शून्य विसरलीस, असं माझा नवरा अजून म्हणतो.

दुसरा प्रश्न लगेच उभा राहिला: हे इतक्या जणांच्या नजरेतून सुटलं कसं? त्याचं उत्तर मला तुमच्या प्रश्नाइतकंच आवडतं. आमचं सगळं लक्ष ताणांवर असतं, आणि चकतीची कड मोकळी असेल तर सगळीकडे सारख्या वाढलेल्या तापमानाने ताण येतच नाही. चकती नुसती फुगते. म्हणजे हरवलेलं पद ताणाच्या सूत्रातून आपसूकच गळून जातं. तापमान चूक, विस्थापन (चकतीचा बिंदू किती सरकला ते) चूक आणि ताणाचे आलेख तंतोतंत बरोबर! तपासणाऱ्यांनी ताण ताडून पाहिले, ते जुन्या निकालांशी जुळले, झालं.

पण त्याच प्रकरणाच्या दुसऱ्या भागात कड घट्ट आवळलेली होती. तिथे फुगायला जागाच नाही. साधं पोलाद घेतलं, सरासरी तापमान 100 अंशांनी वाढलं, तर अशा चकतीत सुमारे 343 मेगापास्कल दाब-ताण येतो. साधं बांधकामाचं पोलाद 250 च्या आसपासच हार मानतं. माझा आलेख तिथे शांतपणे शून्य दाखवत होता. सकाळी हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्हाला नवल वाटलं नाही. तुम्ही हाताने हवेत इंग्रजी यू काढून दाखवलात: 540 अंशांच्या वाफेच्या पाइपला मुद्दाम असा वळसा देतात, सरळ आवळून ठेवला तर तो सपोर्ट उखडतो. मी मागाहून हिशेब केला. 10 मीटरचा पाइप 500 अंशांनी तापला तर सुमारे 6 सेंटिमीटर लांबतो. तुम्ही बोटांनी जेवढं अंतर दाखवलं होतंत, जवळजवळ तेवढंच.

त्याच सकाळी तुम्ही विचारलं होतंत, की शुद्ध गणितवाल्यांना हे लगेच कळलं असतं का. मी तेव्हा “हो” म्हणाले, आता नीट सांगते. शुद्ध गणितवाला म्हणाला असता, तुमचा फलांचा संच पूर्ण नाही, कारण स्थिर फल त्या सगळ्यांना लंब आहे, म्हणजे त्यांच्या कुठल्याच बेरजेतून ते तयार होत नाही. स्टर्म आणि लिऊव्हिल यांनी 1836-37 साली या प्रकारच्या समस्यांचा पाया घातला, एम.एस्सी.ला मी तो सिद्धांत लिहून गुण मिळवले होते. ‘संच पूर्ण नाही’ आणि ‘उष्णता गेली कुठं’ ही दोन वाक्यं एकच आहेत, हे मात्र मला वाळ्याच्या वासात कळलं. गणितात शुद्ध आणि उपयोजित अशी भिंत घालणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, तुमची गोष्ट सांगते.

सेमिनार तीन आठवडे पुढे ढकलावा लागला. सरांना सांगायला गेले तेव्हा पोटात गोळा होता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, कपाटातून स्वतःचे दोन जुने निबंध काढले आणि माझ्यासमोरच सीमा-अटी, म्हणजे कडेवर काय होतं त्या अटी, तपासायला बसले. (एकात पद होतं. दुसऱ्याचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.) जर्नलला दुरुस्ती पाठवली, ती दीड पानाची छापून आली. माझ्या नावावरचं ते दीड पान मला मूळ निबंधापेक्षा जवळचं आहे.

आणि आता ते आभाराचं पान.

थिसिसमध्ये त्याचा एक ठरलेला क्रम असतो: मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य, ग्रंथालय, आई-वडील, नवरा, मुलं. मी त्यात तुमच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या, चकतीसकट. एका अनुभवी माणसाने त्या वाचून सल्ला दिला की घरमालकाचे आभार तिथे बरे दिसत नाहीत, आणि चूक कुणी दाखवली हे तर लिहूच नका, परीक्षक नेमकं तेच पकडतील. मी घाबरले. चार ओळी खोडल्या आणि शेवटी सगळ्यांच्या थिसिसमध्ये असतो तसा ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत करणाऱ्या सर्वांचे आभार’ असा मजकूर टाकला. त्या ‘अप्रत्यक्ष’मध्ये तुम्हाला कोंबलं, काका. तीन उन्हाळ्यांचा कुलर, काकूंची सांबारवडी आणि एक अख्खं प्रकरण. बाइंडिंग होऊन आलं तेव्हापासून ते पान उघडलं की मला खाली बघावंसं वाटतं.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी चौथ्या प्रकरणावर एकच प्रश्न विचारला: काळ अनंताकडे गेल्यावर काय होतं? मी फळ्यावर स्थिर पद लिहिलं आणि सांगितलं की कड मोकळी असेल तर चकती फुगून राहील, आवळलेली असेल तर बोंब होईल. ‘बोंब’ तोंडातून निघून गेलं. ते हसले. मग त्यांनी विचारलं, हे पद छापील निबंधात नव्हतं, दुरुस्तीत आलं, ते कसं लक्षात आलं? आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं की आमचे घरमालक कोराडीला बॉयलरवर होते, त्यांनी विचारलं. हॉलमध्ये मागे बसलेल्या माझ्या आईने मान डोलावली. तेवढं तरी तुमचं देणं फिटलं, असं मी म्हणत नाही, पण सुरुवात झाली.

तुम्ही मुलाकडे पुण्याला गेल्यापासून खालचा हॉल बंद आहे. दर रविवारी उघडून झाडून घेते. कुलर गच्चीवर नेला नाही, तुम्ही म्हणाला होतात तसा ताट्या काढून, टाकी कोरडी करून कोपऱ्यात ठेवला आहे; मोटर मात्र एकदा बघावी लागेल, फिरताना घासल्यासारखा आवाज येतो. थिसिसची एक जादा प्रत बांधून घेतली आहे. तिच्या आभाराच्या पानावर त्या चार ओळी पेनाने परत लिहिल्या आहेत. दिवाळीला याल तेव्हा देते. काकूंना नमस्कार, आणि मिरची झाली म्हणून सांगा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची