'कृपया करून' नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकात एका जाहिरातीत 'कृपया करून लवकर नोंदणी करावी' असे छापून आले आहे. जाहिरातीची भाषा तुमची नसते, हे मान्य. पण हे 'कृपया करून' आता निमंत्रणपत्रिकेपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे दिसते, म्हणून लिहितो.

शाळेत 'माला' चालवताना तृतीयेच्या एकवचनी 'मालया' येई. तसेच 'कृपा'चे 'कृपया', म्हणजे 'कृपेने'. हे रूप संस्कृतातून तयारच आले आहे, त्याला वर 'करून' कशाला? 'कृपया' म्हणा, नाहीतर 'कृपा करून' म्हणा. ('जेणेकरून'मधला 'करून' कोणी पुढे करील, पण तो मराठी रूपाला लागलेला आहे.) गोव्याकडे कोकणीत 'उपकार करून' म्हणतात, ते चोख आहे.

खरे तर बोलताना आपल्याला 'कृपया' लागतच नाही. एसटीत शेजाऱ्याला आपण 'जरा खिडकी लावता का?' म्हणतो. कोल्हापूरकडे पाहुण्याला 'बसा की' म्हटले की तो बसतो. मराठीतले आर्जव 'जरा'त, 'हो'त, 'की'त आणि मुख्य म्हणजे क्रियापदात असते. पसायदानात ज्ञानदेव साक्षात विश्वात्मक देवाकडे मागतात, तेही 'तोषावें' आणि 'द्यावें' एवढ्यावर भागते. आणि आपल्या पाट्यांवर? 'कृपया येथे थुंकू नये.' न थुंकणे ही कृपा कधीपासून झाली? शिवाय 'कृपया' लिहिले की पुढे कितीही दरडावले तरी चालते, असा एक समज झालेला दिसतो. 'कृपया गाडी लावू नये, हवा सोडली जाईल' ही पाटी वाचून नम्रता कुठे शोधायची?

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'कृपया करून दरवाजा बंद करावे' असा कागद होता. (दरवाजा 'करावा'; पण ते राहू द्या.) त्याऐवजी 'दार नीट ओढून घ्या हं' लिहू या, असे मी सुचवले. ते ऑफिशियल वाटत नाही, असे सेक्रेटरींचे मत पडले. निदान एक शब्द तरी खोडा, अशी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. दुसऱ्या दिवशी पाहिले तर 'कृपया' खोडलेला होता. सध्या आमच्या लिफ्टमध्ये 'करून दरवाजा बंद करावे' अशी सूचना आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज