ताई-दादांना वेळापत्रकात तास द्या

मा. शिक्षणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मधल्या सुट्टीत मी रोज ‘भाजी संपवा’ म्हणते आणि रोज ती डब्यात उरते. एकदा नववीतली एक मुलगी धाकट्या भावाला न्यायला लवकर आली. पहिलीच्या पोरांमध्ये बसून गप्पा मारता मारता तिने आपला डबा उघडला आणि भाजी खाऊ लागली. कुणाला ‘खा’ म्हणाली नाही. तरी तिच्या दोन्ही बाजूंची मुलं आपापल्या भाजीकडे वळली. त्या दिवसापासून मी स्वतःचं बोलणं बरंच कमी केलं आहे.

ही एका दिवसाची गंमत नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी १९८० मध्ये लहान मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या सोबत्यांजवळ मुलाला बसवलं, तर काही दिवसांत त्याची निवड बदलते, असं त्यात दिसलं. सोबती वयाने थोडा मोठा असला, तर त्याच्यासारखं होण्याची ओढही त्यात मिसळते, हे मी मैदानावर रोज पाहते.

म्हणून माझी मागणी अशी: आठवीपासून पुढच्या मुलामुलींना ‘ताई-दादा’ म्हणून आठवड्यातून एक तास लहान वर्गांसोबत डबा खायला आणि खेळायला द्या, आणि तो तास वेळापत्रकात छापा. शाळा सुटल्यावर ‘जमलं तर’ असा नको. तो पहिल्याच परीक्षेत गळून पडतो.

आपल्याला कुणी सांगेल की किशोरवयीन मुलंच कुठे हलतात? खरं आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के शाळकरी मुलं त्यात कमी पडत होती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं. पण मला ही अडचण वाटत नाही, उलट योजनेचं अर्धं कारण इथेच आहे. सात वर्षांचं पोर हात धरून ‘ताई, चल पळू’ म्हणालं की बाकावर बसून राहणं अवघड जातं. त्यामुळे निवड करताना फक्त संघातले खेळाडू घेऊ नका. धापा टाकणारा, पण रोज येणारा दादा लहानांना जास्त जवळचा वाटतो.

कॅनडात ‘हेल्दी बडीज’ नावाचा उपक्रम याच धर्तीवर चालला. वरच्या वर्गातली मुलं आधी स्वतः धडा शिकत आणि मग खालच्या वर्गातल्या आपल्या जोडीदाराला शिकवत. मॅनिटोबा प्रांतातल्या शाळांमध्ये त्याची शास्त्रशुद्ध चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या कंबरेचा घेर कमी वाढला आणि आहाराची समज सुधारली. उंचीच्या मानाने वजनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण योजना आली की वर्षभरात वजनाचे तक्ते मागवले जातील, अशी मला भीती वाटते.

कृपा करून ते मागवू नका. शाळेत काटा आला की मुलं एकमेकांना नावं ठेवू लागतात. ज्यांना आपण ताई-दादा म्हणून उभं करणार, त्यांचंही आरशाशी नातं या वयात नाजूक असतं. ताई-दादांनी कुणाचा डबा तपासायचा नाही, कुणाला जाड किंवा बारीक म्हणायचं नाही, एखादं मूल जेवण टाळताना दिसलं तर शिक्षकांना सांगायचं. एवढं प्रशिक्षण आधी हवं. आणि त्या तासाला एक शिक्षक मैदानावर हजर हवा, दुसरं काम न देता.

येत्या शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरण्याआधी आपण याचा आदेश काढावा, ही विनंती. एखाद्या तासाला आपण स्वतः येऊन पहिलीच्या मुलांसोबत धावलात, तर मला मनापासून आनंद होईल.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका