नागीण ‘पसरत नाही’ म्हणे! आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आरोग्य केंद्रातल्या नागिणीच्या तक्त्याबद्दल मी तक्रार केली होती. परवा सकाळी त्यावर आपल्या विभागाचा संदेश आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ सात दिवसांत उत्तर देण्याचं आपलं आश्वासन होतं, आलं ते तेराव्या दिवशी. असो. त्याच दुपारी माझ्या आठ महिन्यांच्या नातवाच्या कानामागे पाण्याने टचटचीत भरलेला एक फोड दिसला. संध्याकाळपर्यंत पाठीवर अकरा झाले. दुसऱ्या दिवशी सुनेने मोजणं सोडून दिलं. कांजिण्या.

त्या त्याला माझ्याकडून मिळाल्या. आणि मी त्या देऊ शकतो, हे मला आपल्या खात्यातल्या एकाही माणसाने सांगितलं नाही.

माझं वय त्रेसष्ट. गेल्या महिन्यात उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली. दुखणं म्हणावं तर तसं नाही, अंगातला बनियन नुसता हलला तरी जीव कळवळायचा. आरोग्य केंद्रात सांगितलं, स्नायू धरलाय. तिसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत एकाच बाजूला फोडांचे घोस उठले. पुन्हा गेलो. ‘उष्णता आहे’ म्हणत मलम दिलं. सातव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी सदरा वर करून पाहिलं आणि लांबूनच म्हणाल्या, ‘अहो, ही नागीण आहे.’ ॲसायक्लोव्हिर लिहून दिलं, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. वर म्हणाल्या, हे पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हायला हवं होतं. ते ७२ तास मी आपलं मलम चोळत होतो, महोदय.

बाहेर पडताना मी विचारलं, घरात तान्हं बाळ आहे, चालेल ना? खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर न करता भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. तक्त्यावर वर आपला हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: ‘नागीण संसर्गजन्य नाही.’ मी निश्चिंत मनाने घरी आलो आणि बाळाला कडेवर घेतलं. उजव्याच कडेवर. त्याला तीच बाजू आवडते.

तक्त्यावरचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर ते जास्त घातक. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, कबूल. पण त्या फोडांतल्या पाण्यात कांजिण्यांचाच विषाणू असतो. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, त्याला त्या पाण्याच्या संपर्काने कांजिण्या होऊ शकतात. फोड सुकून खपली धरेपर्यंत हा धोका राहतो. सून वाचली, कारण तिला लहानपणी येऊन गेल्या होत्या. बाळाला लस द्यावी, तर कांजिण्यांची लस साधारण वर्षानंतर देतात. म्हणजे त्याला वाचवणारी एकच गोष्ट होती, आजोबाला वेळेवर सांगितलेलं एक वाक्य. ‘फोड झाकून ठेवा आणि आठ-दहा दिवस बाळाला घेऊ नका.’

हा काही कालपरवाचा शोध नाही. नागीण झालेल्या माणसाच्या सहवासातल्या मुलांना कांजिण्या येतात, हे बोकाय नावाच्या हंगेरियन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच नोंदवून ठेवलंय. होप-सिम्पसन नावाच्या एका साध्या इंग्लिश फॅमिली डॉक्टरांनी १९६५ मध्ये पुढचा उलगडा केला: कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू जात नाही. तो मज्जारज्जूजवळच्या नसांच्या गाठींत दडून राहतो. प्रतिकारशक्ती त्याला मारत नाही, नुसती दाबून धरते. वय वाढलं किंवा कर्करोगाची औषधं, स्टेरॉइड अशांनी ती पकड सैल झाली, की तो एकाच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणूनच पट्टा एका बाजूचा असतो. मला कांजिण्या आल्या तेव्हा मी सात वर्षांचा होतो. छप्पन्न वर्षं हा भाडेकरू माझ्यात राहिला आणि मला पत्ता नाही!

साधारण तीन माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नागीण होते, असा अंदाज आहे. पुढच्या बैठकीत मंत्रिमंडळाच्या खुर्च्या मोजा आणि तीनने भागा. तेव्हा तरी लस आठवेल. गेल्या वर्षी आपणच भर सभेत म्हणाला होतात, ‘ज्येष्ठांना नागिणीची लस देऊ.’ टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. लसीकरण कक्षात विचारलं तर तिथल्या ताई म्हणाल्या, ‘अशी लस असते का?’ असते. २०१७ पासून आहे, दोन डोस, आणि पन्नाशीपुढच्यांवरच्या चाचण्यांत ९० टक्क्यांहून जास्त परिणामकारक ठरलेली.

माझ्या तक्रारीवरचा शेरा इथे मुद्दाम देतो: ‘कांजिण्या हा बालआरोग्य शाखेचा विषय असून नागीण त्वचारोग शाखेशी संबंधित आहे. सबब सदर प्रकरणी कार्यवाही अपेक्षित नाही.’ विषाणूला हे खातेवाटप कुणीतरी कळवा हो. तुमच्याकडे आजारांचं टेबल ठरतं, माणसाचं ठरत नाही. पेन्शनसाठी हयातीचा दाखला घेऊन मी स्वतः समोर उभा होतो, तेव्हाही ‘साहेब जागेवर नाहीत’ हेच ऐकलं होतं. मी हयात आहे की नाही, हे साहेब आल्यावर ठरणार होतं!

मागणं फार नाही. तो तक्ता उतरवा. नवा लावाल त्यावर लिहा की फोड उठताच ७२ तासांच्या आत दाखवा, आणि खपल्या धरेपर्यंत कांजिण्या न झालेल्या गरोदर बाया, तान्ही बाळं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यापासून लांब राहा. कांजिण्यांच्या तापात मुलांना ॲस्पिरिन देऊ नका, हेही लिहा, त्याने मेंदू आणि यकृताला धोका होऊ शकतो. फोटो आपलाच ठेवा, हरकत नाही.

बाळाचा ताप आज उतरलाय. पण विषाणू आता त्याच्याही नसांत मुक्कामाला गेला. पहिल्या वर्षाच्या आत कांजिण्या झालेल्या मुलांना नागीण लहानपणीच होण्याची शक्यता जास्त असते, हे मी काल रात्री वाचलं. बरगडी ठणकत होती, झोप नव्हतीच.

आपला,
तक्रार निकाली निघालेला एक नागरिक

ता. क. संदेशाखाली अभिप्राय मागितला आहे: ‘निवारणाबाबत आपण समाधानी आहात का?’ पर्याय दोनच दिसतात, ‘होय’ आणि ‘अंशतः’. तिसरा कुठे दाबायचा, तेवढं कळवावं.