भांडण दिसलं, भट्टी दिसली नाही

प्रिय बंड्या,

तू सांगितलेली ती 'हाउस ऑफ गिनिस', आयर्लंडच्या त्या गिनिस बिअरवाल्या घराण्यावरची मालिका पाहिली. आठच्या आठ भाग. दोन रात्री जागलो, तिसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या काढल्या, आणि आता पत्र लिहायला बसलोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "छान आहे, बघच" म्हणून तू मोकळा झालास. निस्तरतोय मी.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर पत्र अर्ध्यात टाकशील. पहिल्या भागाने मला पकडलं होतं. १८६८ सालचं डब्लिन, म्हातारे बेंजामिन ली गिनिस गेलेत, अंत्ययात्रा निघालीय आणि रस्त्यावर त्यांना शिव्या देणारी गर्दी. आदल्याच वर्षी फेनियन, म्हणजे इंग्रजी सत्तेविरुद्धच्या आयरिश बंडखोरांचा उठाव चिरडला गेलेला, त्यामुळे इंग्रजांशी निष्ठा ठेवणारं हे श्रीमंत प्रोटेस्टंट घराणं कितीकांच्या डोळ्यांत खुपत होतं. बरंचसं चित्रण लिव्हरपूल-मँचेस्टरकडचं आहे म्हणे, पण धूर, चिखल, घोडे सगळं झकास. थोरल्या आर्थरचं काम करणारा नटही फार गुणी. नुसत्या भुवईवर दोन प्रसंग काढतो.

मग मृत्युपत्र वाचतात. चार मुलं. ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, आर्थर आणि धाकटा एडवर्ड या दोघांना मिळून, आणि मेख अशी की एकट्याने अंग काढून घेतलं तर नुकसान त्याचंच. बहीण आणि मधला भाऊ धंद्याच्या बाहेर. मी उशी पाठीला लावून सरसावून बसलो. म्हटलं, आता खरी गंमत. एकाला धंदा नको, दुसऱ्याला धंद्याशिवाय काही नको, आणि बापाने दोघांना एका जूला जुंपलंय!

पण त्यानंतर काय होतं? कोण कुणाबरोबर झोपतं, कोण कुणाला धमकावतं, कुठली चिठ्ठी कुणाच्या हाती लागते. जिन्यावरून उतरणारा प्रत्येक जण टाळीचं वाक्य टाकूनच उतरतो. मध्येच आजकालच्या आयरिश रॅपचा दणका, तो संपेपर्यंत चार माणसं ओळीने संथ गतीत चालतात. लेखक तोच, 'पीकी ब्लाइंडर्स' या बर्मिंगहॅमच्या टोपीवाल्या गुंडांच्या मालिकेचा. त्याला हे चालणं सोडवत नाही. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांना आपण नावं ठेवतो, पण निदान तिथे सासू मसाल्याचा कारखाना चालवत असेल तर एखाद्या भागात मिरची तरी दिसते.

हेच माझं दुखणं. आठ भाग गिनिस गिनिस ऐकलं आणि गिनिस होते कशी, ते मला अजून माहीत नाही. पिंपं दिसतात, ती जाळायला किंवा त्यांच्याआड मारामारी करायला. काळपट भाजलेलं माल्ट, यीस्ट, पाणी, ओकच्या फळ्या नुसत्या नजरेच्या अंदाजाने तासून पिंप बांधणारे कारागीर, भरलेली पिंपं लिफी नदीतून नेणाऱ्या होड्या, यातलं काही म्हणता काही मनात राहत नाही. माल खराब निघाला तर काय होतं? उधारी कुणाकडे अडकलीय? तो एडवर्ड सारखा "धंदा वाढवायचा" म्हणतो, पण वहीत डोकं घालून बसलेला मला तो फारसा आठवतच नाही.

बरं, या घराण्याला मसाला कमी आहे का? या भावांच्या पणजोबाने, पहिल्या आर्थर गिनिसने, १७५९ साली ब्रुअरीसाठी डब्लिनमधली सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली, ती किती वर्षांसाठी माहितेय? नऊ हजार! पुढे १७७५ मध्ये डब्लिन महापालिकेची माणसं त्याचं पाणी तोडायला आली, तेव्हा हा गृहस्थ एका मजुराच्या हातची कुदळ हिसकावून घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला आणि तोंडाचा पट्टा सोडला. पाण्यावरून झालेलं भांडण! आपल्या कुठल्याही सोसायटीत शोभेल असं. आणि तू संख्याशास्त्रातल्या ज्या टी-टेस्टने पोरांना छळतोस ना, तीही याच ब्रुअरीतली. बार्लीच्या थोडक्या नमुन्यांवरून पक्कं अनुमान कसं काढायचं, या खटपटीतून तिथल्या गॉसेटने ती काढली. कंपनी स्वतःच्या नावाने छापू देईना, म्हणून १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. हे सगळं मालिकेच्या काळाच्या मागचं-पुढचं आहे, कबूल. पण ज्या धंद्यात एवढं नाट्य मुरलंय, त्यात खोट्या मारामाऱ्या कशाला घुसडायच्या? तो आडदांड मुकादम रॅफर्टी तर सगळाच कल्पित. "सत्य घटनांवरून स्फुरलेली कल्पित कथा" अशी पाटी सुरुवातीला लावून ठेवलीय, म्हणजे आपण तोंड उघडायचं नाही.

निवडणुकीचंच घे. आर्थर १८६८ मध्ये डब्लिनमधून संसदेवर निवडून आला आणि पुढच्याच वर्षी त्याची निवड रद्द झाली, कारण त्याच्या माणसांनी मतांसाठी पैसे चारले होते. त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं, असं न्यायालय म्हणालं. आता हा माणूस बघ. बापाच्या पैशावर उभा राहिला, बापाच्या पैशानेच पडला, आणि वर "तुला काही कळत नाही" असा सरकारी दाखला! त्या रात्री घरी धाकट्या भावासमोर बसून तो कसा जेवला असेल? मला तो प्रसंग हवा होता, बंड्या. शेवटी बंदुकीचा बार ऐकवून त्यांनी माझी रजा घेतली.

आणि खरं भांडण कसं मिटलं सांगू? १८७६ साली एडवर्डने आर्थरचा अर्धा हिस्सा ६ लाख पौंडांना विकत घेतला. बस्स. मालिका तिथवर पोचलेली नाही हे मान्य, पण ती त्या वाटेला लागल्यासारखीही वाटत नाही. एडवर्डने तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती. दहा वर्षांत त्याने कंपनी लंडनच्या शेअर बाजारात आणली आणि दोन तृतीयांश हिस्सा ६० लाख पौंडांना विकला. थोरल्याला जमीनजुमला, झाडं, बागा यांचा नाद. डब्लिनमधली सेंट स्टीफन्स ग्रीन ही बाग १८८० मध्ये सगळ्यांना खुली झाली, ती त्याच्या खर्चाने. पस्तावला का तो कधी? मी दोन रात्री याचाच विचार करतोय.

कारण मला ते टेबल माहितेय. तुलाही. छापखान्याची वाटणी झाली तेव्हा तू बाहेर खिळ्यांच्या खणांपाशी माझ्या शेजारी उभा होतास, दार अर्धवट उघडं होतं. काकांनी वहीचं मागचं पान फाडलं, त्यावर आकडा लिहिला, चार घड्या घातल्या आणि वडिलांपुढे सरकवला. वडिलांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. कागद उघडला नाही. म्हणाले, "चहा निवतोय." मशीन बंद होतं, त्यामुळे बशी टेकवल्याचा आवाजसुद्धा आला. कोणी ओरडलं नाही, कोणी दार आपटलं नाही, आणि तू मला कानात विचारलंस, "मिटलं का रे?"

त्या सहा लाखांचा आकडा पहिल्यांदा कोण बोललं असेल? आर्थर, की एडवर्ड? की दोघांनी वकिलांना पुढे केलं आणि स्वतः हवापाण्याच्या गप्पा मारल्या? हे दाखवणारा लेखक असता तर मी चार रात्री जागलो असतो.

दुसरा सीझन आला तर मला सांगू नकोस. नाही, सांग. बहिणीचं काम करणारी ती पोरगी चांगली आहे, तिला काही करायला मिळालंय का तेवढं बघीन.

आणि काकांचा तो कागद परवा आईच्या कपाटात सापडला. दिवाळीत आलास की दाखवतो. आकड्याखाली वडिलांनी पेन्सिलीने दोनदा भागाकार करून पाहिलाय.

तुझा,
नाना