दोन ट्रॉम्बोन, एक तबकडी

न्यू जर्सी

तीर्थरूप अप्पांना,
साष्टांग नमस्कार.

गुडघ्याच्या गोळ्या तुम्ही मनानेच बंद केल्यात, हे आईकडून कळलं. त्यावर फोनवर बोलू.

हे पत्र ट्रॉम्बोनबद्दल आहे. तुम्ही बँडमध्ये क्लॅरिनेटवर गाणं ओढायचात तेव्हा ट्रॉम्बोनवाला बापडा मागे भर घालत असायचा. इथे मला एक जॅझची तबकडी मिळाली, तिच्यात पुढे दोन ट्रॉम्बोनच. ‘द ग्रेट काई अँड जे. जे.’, १९६० मध्ये मुद्रित झालेली. हे दोघे ट्रॉम्बोनवाले: जे. जे. जॉन्सन अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे, काई विंडिंग डेन्मार्कमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले. पियानोवर बिल इव्हान्स.

तुमच्या क्लॅरिनेटला चाव्या आहेत, बोट पडलं की स्वर. ट्रॉम्बोनला नुसती सरकती नळी, तिच्या सात जागा, आणि त्या सगळ्या अंदाजाने पकडायच्या. मींड आपसूक येते. अवघड असतो तो सुटा, स्वच्छ स्वर. बीबॉप या जॅझच्या नव्या, द्रुत शैलीचा वेग आला तेव्हा हे वाद्य मागे पडणार असंच वाटत होतं. जॉन्सननी त्यावर इतकं सफाईदार वाजवलं की ऐकणाऱ्यांना वाटे, हा नळी सरकवायचा नव्हे, झडपा दाबून वाजवायचा ट्रॉम्बोन असणार! आणि एवढ्या माणसाने १९५२ ते ५४ या काळात पोटासाठी एका कारखान्यात तांत्रिक आराखडे तपासायची नोकरी केली. तुम्ही सीझन संपला की गिरणीत जायचात, तेच आठवलं.

१९५४ मध्ये दोघांनी जोडी जमवली, दोनेक वर्षांत मोडली. ही तबकडी त्यानंतर पुन्हा एकत्र येऊन केलेली. इम्पल्स कंपनीची ही पहिलीच, क्रमांक ए-१. मुद्रण रुडी व्हॅन गेल्डर यांच्या एंगलवुड क्लिफ्समधल्या स्टुडिओत झालं, म्हणजे इथे न्यू जर्सीतच. हे गृहस्थ चष्म्याचे नंबर काढायचे आणि आधी आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचे.

एकाच जातीची दोन वाद्यं म्हटल्यावर मला चढाओढ होईल असं वाटलं होतं. तसं होत नाही. एकजण धून सांगतो, दुसरा खालून धरतो, आणि कधी अदलाबदल झाली ते चटकन कळत नाही. जॉन्सनचा स्वर सरळ, कंप फार कमी. विंडिंगचा जास्त झगझगीत, थोडा धारदार. शिवाय भोंग्याच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावला की आवाज पार बदलतो, मग माझी पंचाईत होते. लोक जॉन्सनचंच नाव घेतात, तो मोठा आहेच. पण मला विंडिंग जास्त आवडला. त्याच्या वाजवण्यात तुमच्या बँडचा थोडा रस्त्यावरचा खणखणीतपणा आहे. ‘पिकनिक’ चित्रपटाची धून मात्र मला फारच गुळगुळीत वाटली.

ताईच्या फोनवर दोन गाणी पाठवली आहेत, ‘ब्लू मंक’ आणि ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, तिचे हेडफोन मागून घ्या. ‘ब्लू मंक’मध्ये आधी कोण वाजवतो ते न विचारता सांगा. तुमचा कान अजून तसाच आहे, असं आई म्हणते.

आईला नमस्कार. दिवाळीला येतोय, तिकीट काढलंय.

आपला,
बाळू