सासूबाईंच्या ताटाबद्दल

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

सिव्हिलमध्ये आहार सांगणाऱ्या तुमच्या टेबलासमोर रोज इतकी माणसं येऊन बसतात की आम्ही लक्षात असू असं नाही. खूण सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे होणारी लिव्हरची कावीळ, निघालेल्या सासूबाई, आणि त्यांच्यासाठी पिशवीत वेगळा पेला घेऊन आलेली सून. ती सून मी.

१९९३ साली गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आईंना रक्त चढवलं होतं. हा विषाणू सापडलाच १९८९ मध्ये. तेव्हा रक्तपेढीत त्याची तपासणी सक्तीची नव्हती. बहुधा तिथूनच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं काही दुखलं नाही, खुपलं नाही, आणि लिव्हर किती कडक झालंय ते पाहणारा फायब्रोस्कॅन केला तर सिरॉसिसची, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होण्याची, सुरुवात.

कावीळ म्हटल्यावर घरोघरी करतात तेच मी केलं. तेल बंद, हळद बंद, मासे बंद. दोन्ही वेळा पेज, मध्ये उसाचा रस, आणि कोणी सांगितला म्हणून गुळवेलीचा काढा. मनापासून केलं, ताई. दीड महिन्यात आईंचं वजन सहा किलोंनी उतरलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

तुम्ही रागावला नाहीत. "काल सकाळपासून काय काय खाल्लं?" असं आईंनाच विचारलंत आणि एकेक गोष्ट लिहून घेतलीत. मग म्हणालात, आजारी लिव्हरला साखर साठवून ठेवता येत नाही, रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्वतःचेच स्नायू खातं. म्हणून झोपताना कपभर नाचणीचं सत्त्व दुधातून. रोज अंडं, डाळ, उसळ, मासा. फोडणीतली हळद चालेल, हळदीच्या कॅप्सूल नकोत. काढा त्याच दिवशी बंद करायला लावलात. गुळवेलीनेही लिव्हरला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"म्हणजे माका बांगडो चलात?" असं आईंनी विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलात का? मी पाहिला.

पोटात पाणी नाही, पाय सुजत नाहीत, मग अगदी अळणी कशाला, पण सुकट, पापड, लोणचं हात राखून, हे तुम्ही नीट फोड करून सांगितलंत. कालवं पूर्ण शिजल्याशिवाय तोंडात घालायची नाहीत. दारूचा एक थेंबही नाही, कोणी औषध म्हणून दिली तरी. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल विचारूनच, दिवसाला दोन ग्रॅमच्या वर नाही. एकादशीबद्दल आई अडून बसल्या, तर तुम्ही म्हणालात, उपवास करा पण उपाशी राहू नका. राजगिरा, दूध, शेंगदाणे. त्यांना ते पटलं.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती गोष्ट वेगळीच. पिशवीतला पेला पाहून तुम्ही हळूच विचारलंत, "आणि नेलकटर?" आमच्याकडे नेलकटर एकच, खिडकीत, सगळ्या घराचा. हा आजार रक्तातून जातो, ताटातून, पेल्यातून, जवळ बसण्यातून जात नाही, म्हणालात. जे वेगळं ठेवायचं ते मी एकत्र ठेवलं होतं, आणि जे एकत्र ते वेगळं. त्या रात्री पहिल्यांदा नातवाने आजीच्या ताटातला घास खाल्ला. आई काही बोलल्या नाहीत, फक्त त्याला अजून भात वाढला.

पुढे ८४ दिवस रोज एक गोळी, सरकारी कार्यक्रमातून फुकट. आईंची रोजची ऍसिडिटीची गोळीही तुमच्याच लक्षात आली. तिने विषाणूची गोळी अंगी लागत नाही म्हणून तुम्ही लगेच डॉक्टरांकडे पाठवलंत. गोळ्या संपून बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीची तपासणी मात्र जन्मभर पॉझिटिव्ह येऊ शकते, हे तुम्ही सांगून ठेवलं होतं, म्हणून डोळ्याच्या ऑपरेशनआधी मला न घाबरता उत्तर देता आलं.

सिरॉसिस आहे म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची आहे. पुढच्या खेपेला आई तुमच्यासाठी घरचं कुळथाचं पीठ आणणार आहेत. नको म्हणू नका.

आपली,
त्यांची सून