घास का अडकतो हे शोधून काढणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम नमस्कार, ओपीडीत बाहेर एवढी रांग असते की नीट थँक्यू म्हणायलाही जमत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मुलाला घास अडकायचा. पोळी वरणात पार भिजून लगदा झाल्याशिवाय तोंडात घालायचा नाही, प्रत्येक घासाला पाणी, भाकरी आणि चिकन तर नकोच, आणि घरातले सगळे हात धुवून उठले तरी हा आपला ताटावर. नातेवाईक म्हणायचे नखरे आहेत. आधी एका ठिकाणी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या, काहींना त्यानेच बरं वाटतं हे तुम्हीच नंतर सांगितलंत, पण ह्याला काडीचा फरक पडला नाही.

तुम्ही माझ्याशी न बोलता आधी त्यालाच विचारलंत, बाळा तू जेवतोस कसा ते सांग. मग दमा होता का, अंगाला खाज येते का, असं सगळं. मला तेव्हा कळेना की दम्याचा आणि गिळण्याचा काय संबंध!

एंडोस्कोपीत अन्ननलिका जवळजवळ नॉर्मल दिसली तरी तुम्ही वरून, मधून, खालून बायोप्सी घेतलीत, आणि खरं सांगते, तिथेच सगळं फिरलं. निरोगी अन्ननलिकेत इओसिनोफिल पेशी (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) नसतातच, मायक्रोस्कोपखाली एका फील्डमध्ये १५ किंवा जास्त दिसल्या की ह्या आजाराचा संशय पक्का होतो, ह्याच्या त्याहून कितीतरी जास्त होत्या. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे ॲलर्जीमुळे अन्ननलिकेला येणारी सूज, दमा आणि खाज का विचारलीत ते तेव्हा कळलं. वेगळा आजार म्हणून हा ओळखला गेला तोच १९९० च्या दशकात, आपल्याकडे तर फार कुणी नावही ऐकलेलं नसतं.

मग ते ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टेरॉइड औषध) मधात कालवून घट्ट करून हळूहळू गिळायचं, नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही, मग खळखळून चूळ, नाहीतर तोंडात बुरशी होते, हे तुम्ही वाटी चमचा घेऊन करून दाखवलंत, कागदावर लिहून नुसतं हातात दिलं नाहीत. दुधाने ही सूज येऊ शकते म्हणून ते बंद करताना पनीर, पेढे, बिस्किटं कशाकशात दूध असतं तेही सांगितलंत.

परत स्कोपी केली तेव्हा पेशी जवळजवळ गेलेल्या. परवा त्याने ज्वारीची भाकरी पिठल्याबरोबर खाल्ली, पाण्याचा ग्लास तसाच भरलेला.

औषध पुढेही चालू ठेवावं लागेल हे माहितीय, ठेवू. आणि ज्यांनी स्लाइडवर एकेक पेशी मोजली त्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना आम्ही कधी पाहिलंच नाही, त्यांनाही आमचे आभार नक्की सांगा.